कॅम्परच्या बॉडीला एकाच जागी परत परत तडा जातोय? आधी चासीवरची पकड बघा

दाराच्या वरच्या कोपऱ्यातून निघून खिडकीकडे तिरकी गेलेली चीर, वीतभर लांब. गाडी सांगलीहून स्पितीला जाऊन आली की दरवर्षी ही चीर उगवायची. पहिल्या वर्षी मालकांनी सीलंट भरून घेतलं. दुसऱ्या वर्षी आतून अॅल्युमिनियमचा अँगल आणि बाहेरून फायबरचा थर चढवला. तिसऱ्या वर्षी अँगल शाबूत, आणि चीर त्याच्या शेजारून, चांगली दीड वीत. शिवाय पाणी आत शिरून पॅनेलमधला फोम ओला झालेला. तेव्हा गाडी आमच्या शेडमध्ये आली.

मालकांचं म्हणणं एकच होतं, "बॉडी कच्ची आहे, अजून जाड अँगल टाका." आमच्याकडचे जुने फिटर अण्णा गाडीखाली झोपून बॅटरी मारत होते. तिथूनच म्हणाले, "साहेब, बॉडी कच्ची न्हाई. लई पक्की बांधलीया, म्हणून फुटतीया."

हा प्रकार आता इतक्या गाड्यांवर बघितलाय की सविस्तर लिहून ठेवतो. ट्रकच्या किंवा पिकअपच्या चासीवर राहायची पेटी बसवली असेल आणि दुरुस्ती करूनही तडा त्याच जागी येत असेल, तर दुरुस्तीचं सामान बाजूला ठेवा. दोष बहुतेक वेळा पेटीत नसतो, पेटी चासीला धरणाऱ्या बोल्टांत असतो.

गाडीची माहिती आधी देतो. फोर-बाय-फोर मध्यम ट्रकची चासी. वर ४.२ मीटर लांब, २.१ मीटर रुंद, सँडविच पॅनेलची (दोन पातळ थरांच्या मध्ये फोम) पेटी, पुढे केबिनच्या टपावर आलेला पलंगाचा भाग. पाणी, बॅटऱ्या, सामान धरून पेटी सव्वादोन टनांची. पेटीखाली पेटीची स्वतःची लोखंडी चौकट, म्हणजे सबफ्रेम, आणि ती चासीला दर बाजूला पाच अशा दहा यू-बोल्टांनी आवळलेली. मालट्रकची बॉडी बसवतात तसंच, आणि घोळ तिथेच आहे.

चासी पिळणारच

कॅलेंडर ज्या पुठ्ठ्याच्या नळीत येतं ती नळी दोन्ही हातांनी पिळून बघा. पिळत नाही. आता तिला ब्लेडने उभी चीर द्या आणि परत पिळा. ओल्या पंचासारखी पिळली जाते. चासीचा सी-चॅनल, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखी एका बाजूने उघडी लोखंडी तुळई, ही अशी उभी चिरलेली नळी. हिशेबच मांडायचा तर २०० बाय ६५ मिमीचा, ६ मिमी जाडीचा सी-चॅनल आणि त्याच मापाची बंद चौकोनी पेटी यांच्यात पिळाला होणारा विरोध सुमारे अडीचशे पटींनी वेगळा असतो. वजन पेलायला दोन्ही जवळपास सारखे चालतात, पिळाच्या बाबतीत त्यांची तुलनाच होत नाही.

हा चासीचा दोष नाही. ट्रकचे पाटे कडक असतात. एक चाक दगडावर आणि तिरक्या कोपऱ्यातलं दुसरं चाकही दगडावर आलं, तर पाट्यांचा लवचिकपणा संपल्यावर उरलेलं काम चासी स्वतः पिळून करते, म्हणून चारही चाकं जमिनीला लागून राहतात. ग्रम्फू ते बातलचा रस्ता ज्यांनी केलाय त्यांना हे सांगायला नको. तिथे नाल्यातले गोटे आणि रस्ता यांत फरक नसतो, आणि चासी तासन् तास डावीकडे-उजवीकडे पिळत राहते.

मालट्रकची उघडी बॉडी चासीबरोबर पिळते, कारण तिला छत नसतं. मिठाईच्या खोक्याचं झाकण काढून पिळा, खोका वळतो. झाकण घट्ट बसवून पिळा, वळत नाही, जोर लावला तर कोपरा फाटतो. सँडविच पॅनेलची पेटी म्हणजे झाकण चिकटवलेला खोका. तिला दहा बोल्टांनी चासीला जखडलं की चासी म्हणते पिळ, पेटी म्हणते नाही पिळत. या भांडणात पेटी जिथे सर्वांत दुबळी तिथे फुटते, आणि ती जागा म्हणजे दारासाठी कापलेल्या चौकोनाचा कोपरा. तिथे अँगल मारला की कोपरा सबळ होतो, ताण शेजारी सरकतो. सांगलीच्या गाडीची तिसऱ्या वर्षीची चीर अँगलच्या शेजारून गेली ती यामुळेच.

तडा कुठला ते आधी ओळखा

प्रत्येक चीर पिळाची नसते. उन्हात राहणाऱ्या बाजूला, कुठल्याही दिशेच्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर तो फायबरवरच्या चकचकीत लेपाचा, म्हणजे जेलकोटचा प्रश्न आहे, बोल्टांना हात लावू नका. पेटीच्या मागच्या टोकाशी, खालून वर गेलेली चीर असेल तर मागचा लोंबता भाग जास्त लांब किंवा जड झालाय. तो पिळाचा नाही, वाकण्याचा प्रकार. दार किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, किंवा पुढच्या उभ्या सांध्याच्या वरच्या टोकाला उघडलेली चीर मात्र पिळाचीच.

तडा येण्याच्या कितीतरी महिने आधी दार बोलायला लागतं. सपाट जागी दार नीट लागतं, एक चाक फूटपाथवर चढवून गाडी उभी केली की अडकतं. लोक बिजागरी घासतात. बिजागरी घासू नका.

खाली वाकून आणखी एक बघा. बोल्टाच्या वायसरभोवती लालसर पावडर, कोरड्या कुंकवासारखी, दिसते का? दिसली तर तिथे लोखंड लोखंडावर घासतंय, म्हणजे पकड सुटलीय. यू-बोल्टाजवळ चासीची वरची पट्टी किंचित आत दबलेली आहे का? सी-चॅनलच्या आत ठोकळा न घालता यू-बोल्ट आवळला की पट्टी दबते, पकड ढिली होते, मग माणूस परत आवळतो, पट्टी परत दबते. आतला ठोकळा लाकडाचा असेल तर तोही सुकून आक्रसतो. सायलेंसरजवळ लाकूड तर नकोच. लोखंडी पाइपचा तुकडा मापात कापून घाला.

आणि केबिनच्या लगेच मागे, जिथे सबफ्रेम सुरू होते तिथे, खुद्द चासीवर केसासारखी रेघ दिसली तर गाडी चालवणं थांबवा. तिथे मऊ चासी एकदम कडक होते आणि सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. अशा रेघेवर वेल्डिंग मारून मोकळं होणारे पुष्कळ भेटतील. चासीचं पोलाद जास्त ताकदीचं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारची जागा कमजोर होते, आणि पुढची रेघ तिथून निघते. चासी बनवणाऱ्या कंपनीची दुरुस्तीची पद्धत विचारल्याशिवाय तिथे गॅस किंवा वेल्डिंग लावू नका. वरच्या-खालच्या पट्टीत भोक पाडू नका हेही त्यातच आलं. भोक लागलंच तर उभ्या भिंतीत, आणि तेही शक्यतो कंपनीने आधीच पाडलेलं वापरा.

कणकेची चाचणी

महागडी साधनं लागत नाहीत. सपाट जागा, २०० मिमी उंचीचे दोन भक्कम लाकडी ठोकळे, मोजपट्टी, आणि पोळीच्या कणकेचे चार-पाच गोळे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. कणीक जरा घट्ट मळा, सैल असेल तर आपोआप बसते.

डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक हळूहळू ठोकळ्यांवर चढवा. जॅकवर नाही, चाकांवरच. गाडी वर असताना कुणीही खाली जायचं नाही, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. चढवण्याआधी केबिनचं टप आणि पलंगाचा भाग यांच्या मधल्या फटीत दोन्ही टोकांना एकेक गोळा ठेवा. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण आधी मोजा आणि गाडी वर असताना परत मोजा. मग गाडी उतरवून गोळ्यांची जाडी मोजा.

सांगलीच्या गाडीत टपावरची फट ७० मिमी होती. डाव्या बाजूचा गोळा ३९ मिमीवर आला. मध्यापासून तो ९०० मिमी अंतरावर होता, म्हणजे केबिन आणि पेटी यांच्यात साधारण दोन अंशांचा पीळ. दाराच्या कर्णांत चार मिमीचा फरक. चार मिमी म्हणजे काही नाही असं वाटेल, पण न वाकणाऱ्या पॅनेलला दर दगडावर चार मिमी ताणलं तर त्याचं काय होतं ते आपण तीन वर्षं बघत होतो.

मग पुढच्या तीन जोड्या यू-बोल्ट ढिले केले, काढले नाहीत, नट ५० मिमी मागे घेतले, आणि गाडी परत चढवली. कर्णांतला फरक एक मिमीच्या आत आला. डाव्या आणि उजव्या बाजूला चासी आणि सबफ्रेम यांच्या मध्ये कणीक चिकटवली होती. एका बाजूला ती तशीच दबून राहिली, दुसऱ्या बाजूला ३८ मिमीची फट उघडली. पेटी मागच्या चाकांबरोबर राहिली आणि चासी तिच्याखालून निघून गेली. मालक बाहेर उभे राहून बघत होते. त्यांनी स्वतः दार उघडून लावून पाहिलं, दोनदा.

टपावरचा गोळा मात्र आता २४ मिमीवर आला. ही किंमत मोजावीच लागते. पेटी मोकळी केली की पेटी आणि केबिन यांच्यातली हालचाल वाढते. केबिनमधून पेटीत जायचं भोक असेल तर तिथे हार्मोनियमच्या भात्यासारखा रबरी भाता लागतो आणि त्याला या सगळ्या हालचालीपुरता पदर असावा लागतो. मधली जागा पॉलियुरेथेनने चिकटवून बंद केलेल्या गाड्या मी बघितल्यात. त्यांचं पुढे काय होतं ते सांगायची गरज नाही.

आम्ही काय केलं

मागच्या धुऱ्याच्या आसपास पेटी पक्की, पुढे स्प्रिंगवर, मध्ये फक्त वाटाड्या पट्ट्या. लांब सबफ्रेम आधीच असलेल्या गाडीला हा उपाय सर्वांत कमी मोडतोडीचा.

मागे दर बाजूला दोन ८ मिमीच्या प्लेटा, चासीच्या उभ्या भिंतीला कंपनीच्या भोकांतून एम १६ (१६ मिमी व्यासाचे), ८.८ ताकदीच्या ग्रेडचे बोल्ट. प्लेटीखालचा रंगाचा जाड थर खरवडून पातळ प्रायमर ठेवला, कारण पकड घर्षणाची असते. रंगाचा थर दबला की बोल्ट सैल. जोराचा ब्रेक मारल्यावर सव्वादोन टनांची पेटी केबिनमध्ये येऊ नये याची जबाबदारी या प्लेटांवर आहे, तिथे काटकसर नको.

पुढे दोन जोड्या स्प्रिंग. फट ३८ मिमी मोजली होती, म्हणून ४० मिमी धरून चाललो. मोकळी लांबी २०० मिमी, दर मिमीला ५ किलो जोर. बसवताना ५० मिमी दाबून घेतली, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग २५० किलोने पेटीला खाली धरते. चासी पिळली की आणखी ४० मिमी दबते, लांबी ११० उरते आणि जोर ४५० किलो. वेढे एकमेकांना टेकायची लांबी ९५ होती, म्हणजे १५ मिमी हाताशी. वेढे टेकले की स्प्रिंग म्हणजे साधा बोल्टच, सगळा खटाटोप वाया. उलट आधीचा दाब कमी ठेवला तर खडबडीत रस्त्यावर पेटीचं पुढचं टोक चासीवर ढोलासारखं वाजतं. बाजारात तयार मिळणारी स्प्रिंग घेतलीत तरी मोकळी लांबी, दर मिमीचा जोर आणि वेढे टेकायची लांबी हे तीन आकडे दुकानदाराकडून लिहून घ्या, आणि त्याला माहीत नसतील तर वजनकाट्यावर दाबून मोजा.

वाटाड्या पट्ट्या लोक विसरतात. स्प्रिंग वर-खाली सोडते, पण आडवं धरत नाही. घाटातल्या वळणावर पेटीचं नाक बाहेर सरकू नये म्हणून सबफ्रेमला दोन्ही बाजूंनी १० मिमीच्या उभ्या प्लेटा, चासीच्या भिंतीच्या बाहेरून उतरणाऱ्या, आतून नायलॉनची पट्टी, मध्ये एक-दीड मिमी मोकळीक. चासी आणि सबफ्रेम यांच्या मध्येही अशीच प्लास्टिकची पट्टी घातली. कन्व्हेअर बेल्टचे तुकडे घालायची आपल्याकडे पद्धत आहे, मालट्रकला ती ठीक. इथे सतत उचलणं-टेकणं चालू असतं, बेल्ट सरकत सरकत बाहेर येतो.

सबफ्रेमचं पुढचं टोक आधी चौकोनी कापलेलं होतं, ते खालून तिरकं, चिंचोळं करून घेतलं, म्हणजे कडकपणा एकदम न येता हळूहळू येईल. हे काम सबफ्रेम चासीवरून उचलून केलं. बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीयूचे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचे प्लग काढून ठेवले होते.

सगळं झाल्यावर गाडी परत ठोकळ्यांवर चढवली. पुढची फट ३८ ऐवजी १५ मिमी.

अर्धा दिवस गेला. स्प्रिंग मोजल्या, वाटाड्या पट्ट्या काढून बघितल्या, काही सापडेना. शेवटी गाडी चढत असताना अण्णांनी उजव्या बाजूला कान लावला. "हितं 'टण्ण' वाजतंय." सामानाची बाजूची पेटी! वरून सबफ्रेमला बोल्ट, आणि खालून एक तिरका टेकू थेट चासीला. कुणीतरी कधीतरी 'हलते' म्हणून मारलेला. स्प्रिंगने दिलेली सगळी मोकळीक त्या एका टेकूने परत बांधून टाकली होती. टेकू कापला, बाजूच्या पेटीला वरूनच दुसरा आधार दिला, आणि फट ३८.

म्हणून गाडीखाली जाऊन प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: तू चासीची की पेटीची? चिखलरोधक, पाण्याची टाकी, बॅटरीची पेटी, शिडी, मागचा बंपर, स्टेपनीचा हात, काहीही दोघांना एकदम बांधलेलं नको. डिझेल, पाणी, गॅस, वायर, जे काही एकीकडून दुसरीकडे जातं त्याला लवचिक नळी आणि एक सैल वेढा द्या. गॅसची तांब्याची नळी सरळ ताणून नेलेली सापडली तर ती आधी बदला, बॉडीचा तडा नंतर बघू.

तीन टेकूंची बैठक आणि हिऱ्याची बैठक

हे दोन शब्द परदेशी गाड्या बघणाऱ्यांकडून हमखास ऐकू येतात. तीन टेकूंत एका टोकाला दोन पक्के आधार आणि दुसऱ्या टोकाला मधोमध एक खिळ, जिच्याभोवती पेटी फिरते. हिऱ्यात पुढे-मागे मधोमध एकेक खिळ आणि मध्यावर दोन्ही बाजूंना एकेक फिरता आधार. युनिमॉगसारख्या मुद्दाम पिळणाऱ्या चासीवर अशा बैठका रास्तच आहेत, तिथे एवढ्या हालचालीला स्प्रिंग पुरत नाहीत.

आपल्याकडच्या मध्यम ट्रकला मी सहसा यांच्या वाटेला जात नाही. लांबवर पसरलेलं वजन तीन-चार बिंदूंवर येतं, आणि ते बिंदू चासीच्या चुकीच्या जागी पडले तर पेटी वाचते आणि चासी तडकते. आधार पाट्यांच्या हँगरजवळ किंवा क्रॉस मेंबरजवळच (चासीच्या आडव्या तुळईजवळच) यायला हवेत. शिवाय पेटीखालची चौकट स्वतःच्या बळावर कडक लागते, म्हणजे वजन वाढलं. तीन टेकू करायचेच असतील आणि केबिनमधून आत जायची वाट हवी असेल, तर पक्के दोन आधार केबिनकडे आणि खिळ मागे ठेवा, म्हणजे भात्याला कमी काम पडतं.

पिकअपवाल्यांचं दुखणं बऱ्याचदा वेगळं. तिथे चासी पिळण्याआधी वाकते. मागच्या धुऱ्याच्या १.२ मीटर मागे ३०० किलो टांगले आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या धुऱ्यांतलं अंतर, ३ मीटर असेल, तर मागच्या धुऱ्यावर ४२० किलो पडतात आणि पुढचा धुरा १२० किलोंनी हलका होतो. केबिनमागे चासी वाकते ती इथे. स्प्रिंग लावून हे सुटत नाही, स्टेपनी आणि पाणी पुढे आणावं लागतं.

कागदांचंही एका वाक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मंजुरीशिवाय गाडीत असा बदल करता येत नाही आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, तेव्हा नवी पेटी बांधायची असेल तर लोखंड कापण्याआधी आरटीओत विचारा.

नंतरची देखभाल

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. एम १६, ८.८ ला साधारण २०० न्यूटन मीटर. मग नट आणि प्लेट यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटली की नट फिरला, पान्याशिवाय कळतं. स्प्रिंगच्या दांड्याला ग्रीस, आणि प्रवासातून आल्यावर चासी-सबफ्रेमच्या फटीत पाण्याचा जोरदार फवारा. फट उघडते तेव्हा बारीक खडे आत जातात आणि बंद होताना तिथेच अडकतात. असा एक खडा नायलॉनच्या पट्टीत रुतून चासीचा रंग खरवडत राहतो, आणि पावसाळ्यात तिथून गंज धरतो.

ओला फोम कापून नवा भरला, दाराचा कोपरा दुरुस्त केला, जाड अँगल काढून टाकला. गाडी पुढच्या हंगामात परत स्पिती करून आली. मालकांनी कोपऱ्यावर मुद्दाम पांढरा रंग देऊन ठेवला होता, त्यावर रेघ नाही. पुढच्या उजव्या स्प्रिंगच्या नटाची खूण मात्र पाव फेरा सरकलेली होती. तिथे दोन नट एकमेकांवर आवळले होते, ते काढून नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा नट घातला, आणि बाकीच्या तिन्हीचेही बदलले.